व्ह्यूज कोटींत, पण हिशोबाची वही कुठाय? खान्देशातल्या कलाकाराला बिझनेस प्लॅन खरंच लागतो का?

वरात जळगावातली असो, पुण्यातली असो नाहीतर सुरतेतली, डीजेवर एक तरी अहिराणी गाणं वाजतंच. सचिन कुमावत यांचं 'केसावर फुगे' आणि विनोद कुमावत यांचं 'हाई झुमका वाली पोर' ही गाणी तर अहिराणीचा एक शब्दही न कळणाऱ्यांच्या रील्सवर वाजून गेली. यूट्यूबवर त्यांचे व्ह्यूज कोटींत मोजावे लागतात.

हे बघून धुळे-जळगावच्या पोरांना वाटणारच की आपणही एक गाणं काढू. मग मित्रांकडून पैसे जमतात, स्टुडिओ बुक होतो, ड्रोनवाला येतो, केळीच्या बागेत शूटिंग होतं. गाणं अपलोड झालं की पहिले दोन दिवस सगळे नातेवाईक शेअर करतात. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, आता पुढं काय?

"बिझनेस प्लॅन" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टाय लावलेला माणूस आणि लॅपटॉप येतो. कलाकाराचा आणि त्याचा काय संबंध, असं वाटतं. पण आधी एक साधं गणित करून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा गाण्याला सगळं मिळून ८० हजार रुपये खर्च आला. यूट्यूबवर दर हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात २५ रुपये पडतात असं धरू. हा दर प्रेक्षक कुठला, जाहिरात कुठली यावर खाली-वर होतो. म्हणजे नुसता खर्च भरून निघायला ३२ लाख व्ह्यूज लागले. आता दुसरी बाजू. त्याच गायकाला लग्नात किंवा यात्रेत कार्यक्रमाचे १५ हजार मिळतात, वादक, गाडी, साउंड यांचे ९ हजार जातात, ६ हजार उरतात. म्हणजे ८० हजार भरून काढायला १४ सुपाऱ्या पुरल्या.

३२ लाख व्ह्यूज की १४ सुपाऱ्या? बहुतेकांसाठी दुसरं जास्त हातातलं आहे. याचा अर्थ गाणं काढू नका असा नाही. पण मग ते गाणं हा तुमचा माल राहत नाही, ती तुमच्या कार्यक्रमाची जाहिरात होते. आणि जाहिरातीवर किती खर्च करायचा याचा विचार वेगळा असतो. ड्रोन कमी, आणि व्हिडिओच्या खाली बुकिंगचा नंबर ठळक. प्लॅनिंगचा पहिला उपयोग एवढाच आहे. आपण नक्की विकतोय काय, ते कळतं.

यूट्यूबचे नियमही या गणितात धरावे लागतात. जाहिरातीतून कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो, शॉर्ट्सच्या बाबतीत ४५ टक्के. चॅनलवाल्याला, गायकाला नव्हे. या फरकाकडे पुढे परत येऊ.

आपल्याकडे हे नवीन नाही

ज्यांना वाटतं की कलेत हिशोब शहरी लोकांनी आणला, त्यांनी तमाशाचा फड बघावा. फडात शंभर-शंभर माणसं असतात, ट्रक असतात, तंबू, जनरेटर, स्वयंपाक. हंगामाआधी कलाकारांना उचल द्यावी लागते, म्हणजे कमाईच्या आधी खर्च. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारखा आणि सुपारी तिथंच ठरते. आनंद महाजन जळगावकर, धोंडू-कोंडू शिंदखेडेकर अशी फडांची नावं बघा, मालकाच्या नावाला गाव जोडलेलं. ब्रँडिंग हा शब्द कुणी उच्चारायच्या आधीचं ब्रँडिंग आहे हे.

शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, साधारण ५० हजार रुपयांत. त्यांच्या कॅमेऱ्याची आणि जुगाडाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्यावर माहितीपट झाला, अलीकडे 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमाही आला. पण एक गोष्ट सहसा सुटते. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. पडदा त्यांचा स्वतःचा होता, गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय बघायला आवडतं हे त्यांना रोज दिसत होतं. वितरणाचा प्रश्न त्यांनी सिनेमा काढायच्या आधीच सोडवला होता. (मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं हे मान्य, पण तिथल्या छोटू दादाच्या कॉमेडीनं 'खान्देश' हेच नाव लावून देशभर प्रेक्षक कमावले. नकाशा एक सांगतो, बाजार दुसरं.)

गोंदूरचा मुलगा

सगळ्यात मोठं उदाहरण मात्र धुळ्याजवळच्या गोंदूरचं. शिल्पकार राम सुतार यांचा जन्म तिथं १९२५ साली झाला. डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडून ते गेले तेव्हा सगळीकडे 'स्टॅच्यू ऑफ युनिटी'चे फोटो फिरले. त्यांचं आयुष्य व्यवसायाच्या नजरेनं मात्र फारसं कुणी वाचत नाही.

सुतारकाम करणाऱ्या घरातला मुलगा, श्रीराम जोशी या शिक्षकांनी हेरला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. १९५३ मध्ये तिथं मेयो पदक मिळालं. त्यानंतर लगेच "मी स्वतंत्र कलाकार" अशी घोषणा केली नाही. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांच्या डागडुजीचं काम केलं. मग दिल्लीत माहिती आणि प्रसारण मंत्रालयात नोकरी. १९५९ मध्ये ती सोडली. म्हणजे उडी मारली, पण हात बसल्यावर आणि मोठी कामं देणारं गिऱ्हाईक ज्या शहरात होतं त्या शहरात जाऊन. स्वतंत्र भारतात पुतळ्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? सरकार. ते दिल्लीत बसायचं.

पुढं गांधीसागर धरणावरचं ४५ फुटी चंबळ शिल्प गाजलं. महात्मा गांधींचा त्यांनी घडवलेला अर्धपुतळा तर कितीतरी देशांत पोचला. कलेच्या वर्तुळात तोच तो पुतळा पुन्हा करण्याकडे जरा नाक मुरडून बघतात. पण एक चांगलं शिल्प जेव्हा पुन्हा पुन्हा मागवलं जातं, तेव्हा त्या कमाईवर पुढच्या कामाचा धीर मिळतो. नंतर नोएडात स्टुडिओ, साहिबाबादला स्वतःचं ओतकाम, आणि जोडीला मुलगा अनिल, जो वास्तुविशारद आहे. ओतकाम दुसऱ्याकडं असतं तर वेळ आणि दर दोन्ही त्याच्या हातात राहिले असते.

१८२ मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. २,९८९ कोटींचं कंत्राट लार्सन अँड टुब्रोला मिळालं, ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. सुतारांकडं काय होतं? मूळ शिल्प. चेहरा कसा असेल, उभं राहणं कसं असेल, शाल कशी पडेल. काम कितीही मोठं झालं तरी ज्या भागाशिवाय ते होऊच शकत नाही, तो त्यांच्या हातात राहिला.

याच खान्देशात उलटं उदाहरणही आहे. चाळीसगावचे केकी मूस. घरच्या दुकानात बसावं ही घरच्यांची इच्छा, हे इंग्लंडहून छायाचित्रण शिकून आले आणि जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडलेच नाहीत म्हणावं इतकं क्वचित पडले. टेबलटॉप छायाचित्रणात त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे, त्यांच्या वास्तूतलं कलादालन जरूर बघा. पण स्टेशनजवळचा बंगला प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्याला घरभाडं आहे त्यानं मूस यांच्याकडून कला शिकावी, महिन्याचा खर्च चालवायचं दुसऱ्या कुणाकडून.

मग कागदावर काय लिहायचं?

मॅनेजमेंटच्या वर्गात 'बिझनेस मॉडेल कॅनव्हास' शिकवतात. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर आणि इव्ह पिन्योर यांच्या २०१० च्या पुस्तकामुळं तो जगभर पोचला. एका पानावर नऊ चौकोन: गिऱ्हाईक कोण, त्याला काय देता, त्याच्यापर्यंत कसे पोचता, नातं कसं टिकवता, पैसे कुठून, साधनं कोणती, कामं कोणती, साथीदार कोण, खर्च किती. नऊच्या नऊ भरायचा अट्टाहास आम्हाला अनावश्यक वाटतो. गिऱ्हाईक, पैसे आणि खर्च हे तीन खरे भरले तरी पुष्कळ. गिऱ्हाइकाच्या चौकोनात "सगळे रसिक" असं लिहिलंत तर कागद फाडून परत सुरुवात करा.

त्याहून कामाचा आहे बारा महिन्यांचा तक्ता. खान्देशात कलाकाराचं वर्ष पंचांगावर आणि कापसावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची, त्याच सुमाराला आखाजी. मग आषाढी एकादशी आली की लग्नाचे मुहूर्त संपतात. श्रावणात कानबाई, पुढं गणपती, नवरात्र, पण लग्नाची सुपारी जवळपास चार महिने बंद. कापसाला भाव मिळाला नाही तर त्यानंतरच्या लग्नात बँडच्या दरावरही घासाघीस होते. प्रत्येक महिन्यासमोर येणारे आणि जाणारे पैसे लिहिले की लाल खड्डा कुठं पडतो ते दिसतं. कीबोर्डचा हप्ता, मुलांची फी आणि बंद सुपाऱ्या एकाच वेळी येतात, जून-जुलैत. हे मार्चमध्ये कळलं तर मे महिन्याच्या कमाईतून बाजूला काढता येतं. जुलैत कळलं तर सावकार.

कर्जाचंही इथंच ठरतं. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मूर्तिकार असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत तुमचा समावेश आहे, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजानं. गायक-वादक त्यात बसत नाहीत. आमचं मत विचाराल तर साउंड सिस्टिमसाठी कर्ज काढणं समजू शकतं, ती भाड्यानंही देता येते आणि वेळ आली तर विकता येते. गाण्याच्या व्हिडिओसाठी कर्ज काढू नये.

आणि तो फरक: चॅनल कुणाचं?

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं आणि सगळ्यात कमी बोललं जातं. गाणं एकानं लिहिलं, चाल दुसऱ्यानं लावली, गायलं तिसऱ्यानं, चॅनल चौथ्याचं. व्यवहार तोंडी, नाहीतर व्हॉट्सअॅपवर "डन भाऊ". गाणं पडलं तर कुणाला काही वाटत नाही. गाणं चाललं की भांडण.

कायदा इथं कलाकाराच्या बाजूनं बराच बोलतो. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानं काढून घेता येत नाही, तसं कुणी लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे, पण तिथं सभासद होऊन गाण्याची नोंद तुम्हालाच करावी लागते.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी एक पान. कोण काय करणार, कोणाला आता किती, नंतरच्या कमाईत कोणाचा किती टक्के, चॅनलचा पासवर्ड कुणाकडं, कव्हर किंवा डीजे रिमिक्सला परवानगी कोण देणार. चार सह्या. मित्रांत असं लिहून घ्यायला संकोच वाटतो हे खरं. तर स्टुडिओत पहिला चहा येईपर्यंत लिहून टाका, गाणं तेव्हा कुणाचंच झालेलं नसतं.