उसाच्या बेटाचा धडा

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर चाकणचा रस्ता जेथे फुटतो, तेथे शिक्रापूर वसले आहे. ज्वारी-बाजरी पिकवीत आभाळाकडे डोळे लावून बसणारा हा शिरूर तालुक्याचा मुलूख. येथे चासकमानचे कालवे आले, रांजणगावची औद्योगिक वसाहत आली, सणसवाडीत कारखाने उभे राहिले. पाठोपाठ गोदामे, खानावळी आणि भाड्याच्या खोल्याही आल्या. शेती, उद्योग आणि सेवा ही तिन्ही क्षेत्रे एकाच शिवारात शेजारी नांदू लागली. पण ती परस्परांची झाली काय?

याचे उत्तर शोधताना हिंदी महासागरातील मॉरिशसकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. वाढती लोकसंख्या आणि एकट्या साखरेवरील भिस्त पाहून अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ साली या बेटाच्या भवितव्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली होती. ती खोटी ठरली. १९७० साली निर्यातप्रधान उद्योगांसाठी कायदा झाला. १९७५ च्या लोमे करारामुळे युरोपात साखरेला हमीचा दर मिळाला आणि त्या नफ्याचा काही भाग मळेवाल्यांनी कापडउद्योगात व पर्यटनात गुंतवला. पुढे २००४ अखेर कापडाचे जागतिक कोटे संपले, २००६ पासून युरोपने साखरेचा दरही उतरवला. तेव्हा पर्यटन आणि वित्तसेवांनी देश सावरला. ऊसही टाकाऊ ठरला नाही. त्याच्या चिपाडापासून वीज निर्माण होते. मात्र अन्नासाठी हे बेट आजही मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे, ही त्या यशाची दुसरी बाजू.

तात्पर्य स्पष्ट आहे. एका क्षेत्राची बचत दुसऱ्याचे भांडवल झाली, तरच परिवर्तन टिकते. जमिनीचा पैसा गाडी, बंगला आणि निवडणुकीत जिरला, तर एका पिढीत जमीनही जाते आणि पैसाही. मग कालचा जमीनधारक कारखान्याच्या दारात कंत्राटी पहारेकरी म्हणून उभा राहतो.

म्हणूनच ग्रामसभा, सहकारी संस्था आणि सुशिक्षित तरुण यांनी एकत्र बसून विचार करावा. जमिनीच्या मोबदल्यातून प्रक्रियाउद्योग, शीतगृहे आणि वाहतूक संस्था उभ्या राहाव्यात. शेतकऱ्याच्या मुलाला यंत्रावरचे कौशल्य मिळावे. कालव्याच्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा आणि पिकाचा असावा. कारखाना उद्या दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. गावाला जाता येत नाही.