भिंतीवरील चित्र

परवा मुलुंडास आमच्या धाकट्या पुतण्याने नव्याने रंगविलेल्या भिंतीवर कोळशाने हत्ती काढिला व वहिनींच्या हातचा मार खाल्ला. आम्हांस तत्क्षणी सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) आठवले. बालपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर रेखाटिलेले शिवछत्रपतींचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. साहेबांनी रागे न भरता मुलास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडिले! त्याच हातांनी पुढे १९२८ साली पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा घडला. तथापि आमचे मन जडले आहे ते सासवण्याच्या सिमेंटच्या म्हशीवर. ज्या जिनसेने आपण गळक्या गच्चीच्या भेगा बुजवितो, तिच्यातून म्हैस जिवंत करणे सामान्य कारागिराचे काम नव्हे. हत्ती अद्याप पुसलेला नाही. वहिनींशी आमची बोलणी चालू आहेत.