हसत हसत सहा खून!

आपल्या होस्टेलवर रात्री पिक्चर लागतो तो एक तर मारधाडीचा, नाहीतर साउथचा डब केलेला. त्यात मी १९४९ चा ब्लॅक अँड व्हाइट इंग्रजी पिक्चर सुचवला, तर 'आली कॉन्व्हेंटवाली!' असंच म्हणाल. म्हणा बापडे! पण 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' एकदा बघाच. गोष्ट इंग्लंडची असली, तरी भांडण आपल्या वऱ्हाडातलंच आहे... वाटणीचं.

हीरो लुई माझिनी. तो आणि ड्यूकची गादी यांच्यामध्ये नातलगांची रांग उभी. एकेक जण मेला की हा वंशावळीतलं नाव खोडतो. त्यातले सहा खून याचेच! आणि सांगतो इतक्या अदबीनं, की आपण खुन्याच्या बाजूनं कधी झालो ते कळतच नाही. लेडी अगाथा बलूनमधून पत्रकं टाकत असते, आणि हा बाण मारून बलूनच फोडतो. हसावं की घाबरावं? ब्लॅक कॉमेडी म्हणतात ती हीच.

घराण्यातले हे आठही जण, अगाथाबाईंसकट, एकट्या अलेक गिनेसनं केलेत. ('स्टार वॉर्स'मधला म्हातारा ओबी-वान, तोच हा!) चर्चमधल्या एका शॉटमध्ये तर त्याची सहा रूपं एकत्र दिसतात. कॉम्प्युटर नव्हता. कॅमेरामन डग्लस स्लोकोम्बनं कॅमेरा जागचा न हलवता तीच फिल्म पुन्हा पुन्हा एक्स्पोज केली. आणि आपण? सॉफ्टवेअर हँग झालं की सबमिशन पुढे ढकला म्हणतो!

पण मला पिक्चर भिडला तो लुईच्या आईमुळे. तिनं एका इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून घराण्यानं तिला तोडलं. मेल्यावर घराण्याच्या कबरीतसुद्धा जागा दिली नाही. गंमत म्हणजे, या घराण्याची गादी मुलीच्या वंशाकडेही जाऊ शकते! म्हणजे कागदावर हक्क आहे, घरात जागा नाही. सगळ्या खुनांचं मूळ इथं आहे.

आपल्या दर्यापूर तालुक्यात हे नवीन आहे का? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित शेतीत मुलाइतकाच वाटा दिला. हा हक्क जन्मानंच मिळतो, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं. तरी बाप गेला की बहिणीला हक्कसोडीवर सही करायला बोलावतात आणि साडीचोळी देऊन पाठवतात. सही नाही केली तर, 'काहून वं, भावाच्या पोटावर पाय देतं?' महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा आठवा. शिकायचं राहून गेलं आणि ती वाड्यातच झिजली. तिथं खून होत नाही, पण माणूस संपतोच.

काही जण म्हणतील, खुनावर हसणं बरं नाही. मला तसं वाटत नाही. रडका पिक्चर असता तर डोळे पुसून आपण झोपलो असतो. हसलो, की मग प्रश्न पडतो, हसलो कशाला? खुनाला नाही, घराण्याच्या ऐटीला. ती ऐट आपल्याही घरात असते.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते, लुईला फाशीची शिक्षा होते ती नेमकी त्यानं न केलेल्या खुनासाठी! पुढचं तुम्ही बघा. आणि सुट्टीत गावी गेलात की सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे का, तेही एकदा बघा.