हौसेला माप हवे

चाके मडगार्डच्या कडेपर्यंत यावीत, गाडी रस्त्यावर रुबाबात उभी राहावी, ही हौस गैर नाही. हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती, म्हणजे व्हील स्पेसर, हा ती पुरवण्याचा स्वस्त मार्ग. दोन्ही बाजूंना 25 मिलीमीटरचे स्पेसर घातले की चाकांमधले अंतर 50 मिलीमीटरने वाढते. पण ही चकती म्हणजे सीट कव्हर नव्हे. गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि वळणावरचा ताण तिच्यातून जातो. म्हणूनच ती कोणालाही, कोणत्याही गाडीसाठी विकली जाणे आणि अंदाजाने आवळली जाणे थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चाक नुसते स्टडवर, म्हणजे हबवरच्या आटे पाडलेल्या दांड्यांवर, टांगलेले नसते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाक हबवर घट्ट दाबले जाते. भार पेलते ते या दाबातून आलेले घर्षण. दाब कमी पडला की चाक केसभर सरकते आणि प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकू लागतो. छोट्या मोटारीचे चाक किलोमीटरला साधारण पाचशे फेरे मारते. असा स्टड आज ना उद्या तुटणारच. सुटलेल्या चाकाच्या वाटेत दुचाकीस्वार असतो, पादचारी असतो. त्यांचा या हौसेशी काडीचाही संबंध नसतो.

हे टाळता येते, पण मापानेच. मारुती स्विफ्टचे चार स्टड 100 मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि हबच्या मधल्या भागाचे माप 54.1 मिलीमीटर. स्पेसर या दोन्ही मापांना तंतोतंत जुळला नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरते. नटाने निदान स्टडच्या जाडीइतके आटे पकडायला हवेत, म्हणजे 12 मिलीमीटरच्या स्टडवर 12 मिलीमीटर. नुसता सरकवायचा 10 मिलीमीटरचा स्पेसर त्यातलाच मोठा हिस्सा खातो. जाड स्पेसरला स्वतःचे स्टड हवेत आणि मूळ स्टडची टोके चाकाला टेकता कामा नयेत. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, आट्यांना तेल-ग्रीस लावू नये, नट समोरासमोरचे आवळत जावेत. जोर किती लावायचा हे टॉर्क रेंच सांगेल, मेकॅनिकचा दंड नव्हे. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. एकावर एक दोन स्पेसर किंवा मध्ये वॉशर, हे कधीही नको. सारे नीट बसवले तरी बेअरिंगवरचा भार वाढतोच, हेही ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे.

कायदा गप्प नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ठणकावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. त्याच कलमानुसार, सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला भाग निकष डावलून विकला, तर विक्रेत्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. स्पेसरला ही तरतूद निःसंदिग्धपणे लागू झाली पाहिजे.

मात्र केवळ दंडाने हौस मरत नाही; ती आडरस्त्याने जाते. जर्मनीत अशा भागासोबत तपासणीचा दाखला लागतो, गरजेनुसार अधिकृत तज्ज्ञ बसवणी तपासतो आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. परिवहन खात्याने आपल्याकडेही असा सरळ मार्ग आखावा: प्रमाणित भाग, बसवणाऱ्याच्या सही-शिक्क्याचा दाखला आणि आरटीओत तपासणी. त्यामुळे जबाबदारी एकट्या मालकावर न राहता विकणाऱ्यावर आणि बसवणाऱ्यावरही येईल.

तोवर वाचकांनी आरटीओची लेखी परवानगी मिळाल्याखेरीज स्पेसर बसवू नयेत. आणि ज्या गॅरेजात टॉर्क रेंच नाही, तिथे चाकाला हात लावू देऊ नये.