‘ठेवा आणि विसरा’ म्हणे!

माती नको, कुंडी नको, कटकट नको. काचेची उंच फुलदाणी, तिच्यात मोकळी मुळं सोडून बसलेलं जांभळं ऑर्किड, मागे मंद पियानो आणि स्क्रीनवर दोन शब्द: ‘झीरो मेंटेनन्स’. हे रील तुमच्याही अंगठ्याखालून गेलं असणार. त्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. काचेशी नाही, आणि ऑर्किडशी तर मुळीच नाही.

आधी ‘मातीशिवाय’ या चमत्काराबद्दल. फुलदाणीत दिसतं ते बहुतेक वेळा व्हँडा किंवा फॅलेनॉप्सिस असतं. या वनस्पती जंगलातही मातीत राहत नाहीत. झाडाच्या फांदीला मुळांनी धरून हवेत वाढतात. आपल्याकडे आंब्यावर वाढणारी रास्ना ही व्हँडाच, आणि ‘व्हँडा’ हे नावही मूळ संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून गेलेलं. वन्दा म्हणजे बांडगूळ. हा आरोप मात्र खोटा आहे. बांडगूळ झाडाचा रस पितं. ऑर्किड फक्त बसायला जागा घेतं, अन्नपाण्याचं स्वतःचं स्वतः बघतं. तेव्हा मातीशिवाय ऑर्किड जगवून दाखवणं म्हणजे मासा पाण्यात जगवून दाखवण्यासारखंच आहे.

मग कुंडीत सालीचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं कशाला भरतात? पाणी धरून ठेवायला आणि हळूहळू द्यायला. एवढंच काम. व्हँडाच्या मुळावर मृत पेशींचं एक स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडं असताना ते चंदेरी-पांढरं दिसतं. पाणी पडलं की ते भरून पारदर्शक होतं आणि आतलं हिरवं दिसू लागतं. पण भरलेल्या वेलामेनमधून हवा नीट जात नाही, आणि मुळाला श्वासही घ्यायचा असतो. म्हणून भिजणं जितकं गरजेचं, तितकंच सुकणंही. जंगलात पाऊस भिजवतो आणि वारा सुकवतो.

फुलदाणीत पाऊस कोण पाडणार? तुम्ही. सोडणं काढून टाकली तरी त्यांचं काम संपत नाही, ते तुमच्या अंगावर येतं. रोज सकाळी फुलदाणी पाण्याने भरायची, १५-२० मिनिटं मुळं भिजू द्यायची, मग सगळं पाणी ओतून टाकायचं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये किंवा एसीच्या खोलीत दिवसातून दोनदा. बोअरचं जड पाणी वापरलंत तर काचेवर आणि मुळांवर पांढरे क्षार बसणार. फुलदाणी थेट उन्हात ठेवलीत तर आतली हवा तापून मुळं भाजणार. काचेवर शेवाळ येतं, ते घासायचं. पाण्याबरोबर अगदी पातळ खत द्यायचं, कारण सालीतून थोडंफार मिळत होतं तेही आता नाही. गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली द्यायची. घरातल्या झाडांत याहून जास्त मेंटेनन्स असलेलं झाड मला तरी माहीत नाही.

मग ‘झीरो’ खपतं कसं? कारण ऑर्किड सावकाश मरतं. माझ्या मते हा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे. तुळस पाण्याविना दोन दिवसांत मान टाकते आणि आपण धावतो. ऑर्किड जाड पानांत साठवलेल्या पाण्यावर महिनोन्महिने तग धरतं. फॅलेनॉप्सिसचं फूल तर दोन-तीन महिने टिकतं, मुळं कुजत असली तरी वर शोभा सुरूच. शेवटी खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात, तोवर बिल हरवलेलं असतं आणि रील बनवणारा पुढच्या झाडाकडे गेलेला असतो. आमच्या क्षेत्रात डेमोत चाललेली गोष्ट प्रॉडक्शनमध्ये चालेल असं कुणी छातीठोक सांगितलं, की सगळे हसतात. इथे मात्र तीस सेकंदांच्या डेमोवर लोक हजार-दीड हजार रुपये मोजतात, आणि झाड मेलं की म्हणतात, ‘माझ्या हाताला गुणच नाही.’ हाताला काय झालंय? सूचनाच खोटी होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: एवढं सगळं सांगितलं तर कोणी छंदाकडे वळणारच नाही. हे मला तरुण ग्राहकाचा अपमान वाटतं. जी पोरं सावरडो ब्रेडचं विरजण आठवडाभर सांभाळतात, त्यांना रोजची २० मिनिटं झेपणार नाहीत हे कुणी ठरवलं?

दुसऱ्या बाजूला जुने जाणकार आहेत. त्यांच्या लेखी काचेतलं ऑर्किड म्हणजे थेरं. भोक नसलेल्या भांड्यात झाड लावणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. पण पाणी ओतून टाकायची सवय असेल तर भोक लागतं कशाला? उलट काचेइतकं प्रामाणिक भांडं दुसरं नाही. कुंडीत मूळ कुजलं तर कळायला महिने जातात. काचेत रोज दिसतं: चंदेरी म्हणजे तहान, हिरवं म्हणजे पुरे, तपकिरी आणि मऊ म्हणजे कापून टाका. फॅलेनॉप्सिसची मुळं दोन दिवस पाण्यात आणि उरलेला आठवडा कोरडी ठेवून वर्षानुवर्षं फुलं घेणारे लोक आहेत. ते ‘विसरत’ नाहीत, एवढंच.

हा वाद केवळ दिवाणखान्यातल्या झाडापुरता असता, तर मी इतकं लिहिलं नसतं. पण ‘काहीच लागत नाही’ हे एकदा डोक्यात बसलं, की पुढचं वाक्य ठरलेलं: मग विकत कशाला घ्यायचं, ट्रेकवरून आणू! पावसाळ्यात घाटातल्या फांदीवरून ओरबाडलेली सीतेची वेणी जॅमच्या बरणीत ठेवलेले फोटो मी पाहिले आहेत, खाली बदामांचा पाऊस. अभयारण्यातून झाड उपटणं हा गुन्हा आहे, हे त्या बदामांत कुणी लिहीत नाही. आणि ते झाड तरी कुठे जगतं? चार महिने धुक्यात भिजायची आणि आठ महिने कोरडं राहायची सवय असलेला तो जीव तुमच्या किचनच्या ओट्यावर काय करणार?

ही हावही नवी नाही. जोसेफ हूकरने १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी क्यूच्या बागेसाठी गोळा केली. इंग्लंडला जिवंत पोचली ती अगदी थोडी, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. तीच निळी व्हँडा पुढे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घालावी लागली. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो आणि जंगलात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. फांदीवरची एक वेणी गेली, की तिच्या जागी दुसरी कधी येईल ते त्या बुरशीवर.

हूकरकडे निदान पर्याय नव्हता. १९२२ साली लुईस नडसनने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या आगरवर ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून रोपं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढतात (म्हणजे काच या झाडाला तान्हेपणापासून ओळखीची!). आज थायलंडहून येणाऱ्या संकरित व्हँडा अशाच जन्मलेल्या असतात. त्या घ्या, खुशाल काचेत ठेवा.

फक्त घेताना विकणाऱ्याला विचारा: रोप नर्सरीत वाढलंय की जंगलातलं? मुळं किती वेळ भिजवायची, आणि किती वेळात सुकली पाहिजेत? ‘काही करावं लागत नाही हो’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.