मुलाम्याचे मोल

बंदुकीच्या नळीतील क्रोमियमचा मुलामा केसाइतकाही जाड नसतो. परंतु सैनिकाचे प्राण त्यावर अवलंबून असतात. दारूची प्रखर उष्णता आणि दमट हवेचा गंज यांपासून तो पोलादाचे रक्षण करतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने आपल्या रायफलींना तो दिला होता. रशियाच्या कॅलाश्निकॉव्हलाही तो लाभला. अमेरिकेने मात्र एम-१६ रायफल या मुलाम्याविनाच व्हिएतनामच्या दमट अरण्यात धाडली. त्यातच काडतुसांतील दारू बदललेली आणि सफाईची साधने अपुरी. परिणामी ऐन चकमकीत रिकामी काडतुसे नळीतच अडकून बसली आणि कित्येक जवान बंद पडलेले शस्त्र हाती धरून प्राणांस मुकले. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीने सेनाधिकाऱ्यांवर कठोर ठपका ठेवला. मुलामा आला तो इतकी किंमत मोजल्यावर!

हा इतिहास आपणही ध्यानी घ्यावयास हवा. कॅलाश्निकॉव्हच्याच घराण्यातील एके-२०३ रायफल आज अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे तयार होत आहे. डिसेंबर २०२१ च्या करारान्वये अशा ६ लाखांहून अधिक रायफली आपल्या सैन्याला मिळावयाच्या आहेत. नळीतील मुलामा कोठे पातळ राहिला, हे सीमेवरील जवानाला दिसणार नाही. त्याने भरवसा ठेवावयाचा तो कारखान्यातील तपासनिसाच्या सहीवर. म्हणून मुदत गाठण्याच्या घाईत तपासणी तिळमात्रही सैल होऊ नये, असे आमचे शासनास आग्रहाचे सांगणे आहे.