पापणीची गाठ आणि बाटलीतील द्रव

वयस्कर व्यक्तीच्या पापणीवरील गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा उद्भवली, तर तिचा तुकडा तपासून घेणे अगत्याचे असते. साध्या गाठीच्या रूपात क्वचित कर्करोगही दडलेला असतो. हा तुकडा बाटलीत घालून पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती दिला जातो.

बाटलीतील उग्र वासाचा द्रव म्हणजे बहुधा 10 टक्के फॉर्मॅलिन. शरीरापासून विलग झालेल्या पेशी लवकरच विघटित होऊ लागतात. फॉर्मॅलिन त्यांतील प्रथिने परस्परांशी जखडून ती क्रिया रोखते. साध्या पाण्यात मात्र पेशी फुगून फुटतात आणि निदान हुकते. डोळ्याचा पडदा तर इतका नाजूक, की काढलेला संपूर्ण डोळा फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तरी तो जागचा सुटू शकतो. म्हणून काही प्रयोगशाळा मद्यार्क व ॲसेटिक आम्लयुक्त डेव्हिडसनचे द्रावण वापरतात. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र फॉर्मॅलिन चालत नाही, कारण ते जंतूंनाच मारते.

म्हणून वाचकहो, बाटलीतील द्रव बदलू नका, हुंगू नका. रुग्णाचे नाव आणि डोळा डावा की उजवा, हे बाटलीवर लिहिलेले पाहा. झाकण घट्ट लावून ती त्याच दिवशी पोचवा आणि अहवाल आठवणीने डॉक्टरांना दाखवा.